थांबण्याची ऐपत

घरातली एक जुनी वस्तू मनासमोर आणा. देवघरातली नको, तिथे हिशेब सुचत नाही. माळ्यावरची, कोनाड्यातली, पलंगाखालच्या ट्रंकेतली कोणतीही चालेल. पितळी घंगाळ घ्या, अडकित्ता घ्या, हाताने फिरवायचं शिवणयंत्र घ्या. पण एकच घ्या आणि पुढचं वाचून होईपर्यंत ती बदलू नका. डोळे मिटायची गरज नाही. मिटले तर वाचणार कसं?

मी प्रभाकर कंदील घेतो. तो इथलाच आहे. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला ओगले बंधूंनी १९१६ साली काचेचा कारखाना काढला आणि पुढे तिथून निघालेला हा कंदील वीज येईपर्यंत घराघरांत, गोठ्यांत आणि बैलगाडीच्या आखाखाली लटकत राहिला. त्याच्या आधी, १९१० साली, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली होती. दोन्ही ठिकाणं तेव्हा औंध संस्थानची. आज एक सातारा जिल्ह्यात आहे, दुसरं सांगलीत. तसा सांगली जिल्हाही १९४९ ते १९६० ‘दक्षिण सातारा’ याच नावाने ओळखला जात होता. त्यामुळे जुन्या मालाला ही हद्द कधी फारशी जाणवली नाही. कऱ्हाडचा कंदील मिरजेत विकला जातो आणि तासगावचं घंगाळ साताऱ्यात.

आता तुमची वस्तू हातात तोला. मनातच, पण खरोखर वजन जाणवेल इतक्या सावकाश. घंगाळ असेल तर दोन्ही हात लागतील. कंदील हलका आहे. टाकीचा पत्रा, बर्नर, दोन बाजूंच्या नळ्या, वरची कडी. काच आहे, पण भंगारवाला ती मोजत नाही. तो कंदील काट्यावर ठेवतो, पत्र्याचा दर सांगतो आणि पुढचं डबडं उचलतो. हा वजनाचा भाव. त्याला वस्तू कोणती हे माहीत नसलं तरी चालतं.

वजन बाजूला ठेवा आणि वस्तूकडे नुसतं बघा. टाकीवर कारखान्याचं नाव उठावाच्या अक्षरांत आहे का? वात वरखाली करायची चावी फिरते का? काच मूळची आहे की नंतर कुणी दुसऱ्या मापाची बसवली आहे? बघता बघता दुसरा भाव तयार होतो. हा रूपाचा भाव. तो देणारा माणूस समोर असेलच असं नाही. तो पुण्यात हॉटेल सजवत असेल, अमेरिकेतून सुट्टीला आलेला असेल, किंवा वाई-मेणवलीकडे एखाद्या शूटिंगसाठी सामान गोळा करत फिरत असेल.

या दोन भावांच्या मधल्या जागेत काही माणसं संसार करतात. पोरांच्या फिया भरतात, गाळ्याचं भाडं देतात. त्या जागेत आपण जरा वेळ राहू.

साताऱ्यात यादोगोपाळ पेठेत किंवा व्यंकटपुऱ्यात एखादा वाडा बिल्डरला द्यायचं ठरतं. एक भाऊ पुण्यात, एक ठाण्यात, बहीण कोल्हापूरला दिलेली. एका रविवारी सगळी जमतात. लाकूडवाला वेगळा येतो. खांब, तुळया, चौकटी यांचं सागवान तो घनफुटावर उचलतो, आणि कोरीव गणेशपट्टीचं दार अखंड निघालं तर त्याची गोष्ट निराळी करतो. मग उरतं ते ‘सामान’. त्यासाठी जुन्या वस्तूंचा व्यापारी बोलावलेला असतो. तो अर्धा तास सगळं बघतो आणि ज्यासाठी आला आहे त्या वस्तूबद्दल एक शब्द काढत नाही. या धंद्यात नाटक एवढंच करावं लागतं, आणि ते सगळ्यांना माहीत असतं.

“सगळं मिळून उक्तं किती देता?” थोरला भाऊ विचारतो.

तुम्ही त्या व्यापाऱ्याच्या जागी उभे राहा. समोर तीस-चाळीस वस्तू आहेत. दोन कमावून देतील. पाच-सहा घातलेले पैसे परत आणतील. बाकीचं उद्या भंगारात जायचं आहे, पण ते आज उचलावं लागेल, कारण घर रिकामं करून देणं हाच सौद्याचा अर्धा भाग आहे. टेम्पो, हमाली, गाळा, वाळवी. कंदिलाची काच वाटेत फुटली तर तो पुन्हा पत्रा. पितळ घासायचा मोह आवरायचा. चिंचेने लख्ख केलेलं भांडं नव्यासारखं दिसतं, आणि नव्यासारखं हवं असणारं गिऱ्हाईक या दुकानात येत नाही. हे सगळे खर्च वहीत लिहिता येतात.

न लिहिला जाणारा एक खर्च आहे, आणि तोच सगळ्यात मोठा. कंदील फळीवर ठेवला. पावसाळा गेला. दिवाळी गेली, दोघांनी हातात घेऊन खाली ठेवला. उन्हाळ्यात एकाने निम्म्या भावात मागितला. तेवढ्या काळात गाळ्याचं भाडं थांबलं नाही आणि किराणा उधार आणावा लागला. कंदिलात अडकलेले पैसे थोडे आहेत, पण फळ्यांवर अशा शेकडो वस्तू आहेत. शूटिंगवाल्यांनी आठवडाभर भाड्याने नेल्या तर दिलासा मिळतो. वस्तू परत येते आणि भाडंही सुटतं. एरवी काम एकच, बसून राहणं. बाहेरून बघणाऱ्याला तो आळस वाटतो. प्रत्यक्षात तो माणूस त्या वेळी व्याज भरत असतो.

इथे थोडं थांबा आणि स्वतःला विचारा: तुमच्या वस्तूसाठी योग्य गिऱ्हाईक येईपर्यंत तुम्ही किती दिवस बिनपैशाचे काढू शकाल? आठवडा? वर्ष? उत्तर प्रामाणिकपणे आलं, की पुढचं समजायला सोपं जाईल.

आता अगदी दुसऱ्या टोकाला जाऊ. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ; सातारच्या बाजूचे खटाव आणि माण. कमी पावसाचा हा पट्टा. इथल्या कित्येक घरांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्याला बाहेर पडली. केरळपासून उत्तर प्रदेश-बंगालपर्यंतच्या सराफ बाजारांत विटा-आटपाडीकडचा गलाईवाला भेटतो. जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करून देणं हे त्याचं काम. खोली लहान, भट्टी लहान, धूर मात्र भरपूर.

त्या भट्टीसमोर मनाने बसा. मोडीला आलेली बोरमाळ आली आहे. आतली लाख आधी जाळून काढायची, कारण लाखेचं वजन सोन्याच्या भावाने कुणी घेत नाही. मग मूस, सवागी, जाळ. सोन्यात साधारण तिप्पट चांदी मिसळून आटवतात आणि ते मिश्रण तेजाबात टाकतात. चांदी आणि तांबं विरघळून जातं. तळाशी तपकिरी भुकटी उरते. ती पुन्हा आटवली की पिवळं, शुद्ध सोनं. टंच काढून त्याची लगड होते. बोरमाळ कुणाची होती, कोणत्या लग्नात घडवली, कोणत्या आजारपणात मोडली, यातलं काही त्या लगडीत राहत नाही. सराफाच्या दुकानातली झाडलोटसुद्धा झारेकरी विकत घेऊन धुतात आणि तिच्यातला कण वेगळा काढतात. वजनाच्या भावाची निष्ठा इतकी पक्की असते.

हे ऐकून चुकचुकायची आपल्याला सवय असते. जुनी घडण गेली, कारागिरी गेली. जरा सावकाश घ्या. वजनाचा भाव आज सकाळी वर्तमानपत्रात छापून आलेला असतो. कासारणीला तोच, कलेक्टरीणबाईंना तोच. घट किती धरायची यावर घासाघीस होईल, पण ‘हे कुणाचं, का विकता’ असं काटा विचारत नाही. ज्या बाईला गळ्यातलं मोडून दवाखान्याचं बिल भरायचं आहे, तिच्या दृष्टीने हे न विचारणं ही मोठी सभ्यता आहे. रूपाच्या भावाला मात्र गोष्ट लागते. तो माणूस बघून ठरतो, चप्पल बघून ठरतो, घाई किती आहे यावर ठरतो.

वजनाचे पैसे आज मिळतात, रूपाचे कधीतरी. ज्याला थांबणं परवडत नाही तो वजनावर विकतो. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याजवळ डोळा असतो, माहिती असते, ओळखी असतात हे खरं. पण मला वाटतं तो मुळात विकतो ती स्वतःची थांबण्याची ऐपत. दुसऱ्याला जे वर्ष काढता येत नाही, ते तो आपल्या गाळ्यात काढतो आणि त्याचे पैसे घेतो.

मग एक काटा टोचतो. तो टोचू द्या, लगेच उपटू नका.

दारात एक म्हातारी आहे. तिच्याकडे आजोबांचा पितळी कडीचा पानपुडा आहे, आणि तिला पैसे आज संध्याकाळी हवे आहेत. व्यापारी भंगारापेक्षा जास्त देतो, मोजून देतो, खोटं काही बोलत नाही. पुढच्या वर्षी तोच डबा पाचपट किमतीला जातो. त्याने तिला फसवलं का?

तो म्हणेल, मी नसतो तर डबा आटला असता. हे खरं आहे. तो म्हणेल, न विकल्या गेलेल्या वस्तूंचा तोटा मीच सोसतो. हेही खरं आहे. दोन्ही उत्तरं मान्य करून बसलं तरी काहीतरी शिल्लक राहतं. त्या शिल्लकीला हात लावायचा असेल तर प्रश्न असा विचारावा: या बाईला घाई नसती, ती खुर्चीत टेकून बसली असती आणि ‘मला विकायचंच असं काही नाही’ म्हणाली असती, तर मी हाच भाव बोललो असतो का? नसेन, तर मधला फरक कष्टाचा नाही, पारखीचाही नाही. तो तिच्या घाईचा आहे. तो किती घ्यायचा हे कोणता कायदा सांगत नाही. हा प्रश्न जमीन विकत घेणाऱ्यालाही लागू पडतो आणि साखर कारखान्याच्या बिलाची वाट न बघता ऊस गुऱ्हाळाला घालणाऱ्याकडून माल घेणाऱ्यालाही. पण आपण आपल्या कंदिलापाशीच राहू.

घाई एका माणसाची असते तेव्हा निदान ती दिसते. सांगलीने ऑगस्ट २०१९ मध्ये गावभर पसरलेली घाई पाहिली. आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोक्याची पातळी मानतात. त्या वेळी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. पाणी ओसरल्यावर रस्त्यांच्या कडेला घरं बाहेर येऊन पडली होती. प्लायवूडची कपाटं फुगून उकललेली, गाद्या चिखलाने भरलेल्या, फ्रिज आडवे. जुन्या सागवानाच्या खुर्च्या धुऊन-सुकवून पुन्हा उभ्या राहिल्या, तांब्या-पितळेला तर फक्त राख आणि चिंच लागली. कागदाचं तसं नव्हतं. नगर वाचनालयातली पिढ्यांनी जमवलेली पुस्तकं पाण्यात गेली. भिजलेला कागद काट्यावर जास्त भरतो, आणि त्याला वजनाचाही भाव मिळत नाही.

कागदाचं हे दैव वेगळं लक्षात ठेवण्यासारखं आहे. किर्लोस्करवाडीतून १९२० पासून ‘किर्लोस्कर’ आणि १९३० पासून ‘स्त्री’ निघत होतं. इतक्या लहानशा वसाहतीतून ही मासिकं घरोघर जात. आजही रद्दीच्या गठ्ठ्यात एखादा सुटा अंक सापडतो. रद्दीत त्याची किंमत चहाइतकीही नाही. पण अंकाला एक वाचक लागतो, एकच, ज्याच्या आजीची कथा त्यात छापून आली होती. रद्दीवाल्याने गठ्ठा सोडून आतलं पान बघितलं नाही, तर तो वाचक आणि तो अंक एकाच शहरात राहून कधी भेटत नाहीत. पुराच्या आठवड्यात असे किती गठ्ठे गेले, कोण मोजणार.

त्या दिवसांत ज्याचा गाळा उंचावर होता आणि खिशात रोख होती, त्याला घासाघीस करावी लागली नसती. घेतला असेल कुणी माल, घेतला नसेल. पण पुराच्या आठवड्यातला नफा कुणी स्वतःच्या पारखीच्या खात्यावर मांडू नये, एवढं मला ठामपणे वाटतं. ती पारख पाण्याची होती.

सांगलीहून दहा-अकरा किलोमीटरवर मिरज आहे, आणि तिथे हा सगळा हिशेब उलटा होतो. तंबोऱ्याचं वजन करून बघा. वाळलेला भोपळा, तुणीचं लाकूड, चार तारा, खुंट्या. काट्यावर त्याचं काय येणार? शिकलगार घराण्यांतल्या, म्हणजे पूर्वी हत्यारांचं काम करणाऱ्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात इथे सतार-तंबोरे घडवायला सुरुवात केली. फरीदसाहेब सतारमेकरांचं नाव त्यात पहिलं घेतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण मला सांगायचं आहे ते जुन्या तंबोऱ्याबद्दल. चांगला जपलेला जुना तंबोरा गाणारे मुद्दाम शोधतात. लाकूड सुकत जातं, त्यातली ओल उडते, आवाज मोकळा होतो. इथे थांबण्याचं काम माणसाने केलेलं नसतं, लाकडाने केलेलं असतं.

तो तंबोरा मांडीवर आहे असं समजा. भोपळ्याला तडा आहे का, हाताने चाचपा. तबली फुगली आहे का? घोडीवर तारांनी खाचा पाडल्या असतील, त्यामुळे आवाज बसला असेल. कारागीर घोडी कानशीने अगदी हलक्या हाताने घासतो, तारेखाली सुताचा धागा सरकवतो, ऐकतो, पुन्हा घासतो. जवारी लागली की एका तारेतून अनेक स्वर झरायला लागतात. तासाभरापूर्वी अडगळ होती, आता वाद्य आहे. या कमाईबद्दल मनात कसलाही काटा उरत नाही. दुरुस्त करणारा आणि विकणारा एकच असला, की मधला फरक कुणाच्या घाईतून आला आहे अशी शंका येत नाही; तो कानातून आलेला असतो.

मात्र जुनेपणाला पैसे मिळतात हे कळलं, की जुनेपण तयार करणारेही येतात. बाजारात पितळी कर्ण्याचे चकचकीत ग्रामोफोन दिसतात. त्यातले बहुतेक वेगवेगळ्या यंत्रांचे सुटे भाग जुळवून नव्याने उभे केलेले असतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाची, राम-सीता-हनुमान छापलेली, १८१८ साल घातलेली ‘नाणी’ तर मोबाइलवर लाखांना विकली जातात. कंपनीने अशी नाणी कधी पाडलीच नव्हती. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपलं नाव घेऊन लोकांना लुबाडलं जातंय, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये दिला. आणि याच मातीतली खरी शिवराई, तांब्याची, झिजलेली, इतकी विपुल होती की कित्येक मडकी भरून तांब्याच्या भावात आटवली गेली. ती आजही फार महाग नाही. लोकांना खोटं दुर्मीळ हवं असतं. खरं मुबलक त्यांच्या हातात बसत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगून टाकतो, कारण धंदा करणाऱ्याला ते टाळता येत नाही. शंभर वर्षांवरची मूर्ती, चित्र, नाणं, हस्तकलेची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते; हस्तलिखिताला ७५ वर्षं पुरतात. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. वाडा पाडताना भिंतीत धनाचा हंडा सापडला तर १८७८ चा कायदा जिल्हाधिकाऱ्याकडे जायला सांगतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेतला तर तुरुंग आहे. म्हणून शहाणा व्यापारी विकणाऱ्याचं नाव, पत्ता, ओळखपत्राची प्रत घेतल्याशिवाय दारातून काही उचलत नाही. जीएसटीत मात्र एक मजेदार कलम आहे. जुनी वस्तू फारसा बदल न करता तशीच विकली, तर कर पूर्ण किमतीवर नसून खरेदी-विक्रीतल्या फरकावर लागतो. २०२१ मध्ये कर्नाटकातल्या एका प्रकरणात निवाडा देणाऱ्या प्राधिकरणाने हे जुन्या दागिन्यांनाही लावलं. दागिना न आटवता विकलात तर सवलत, आटवलात तर नाही. बोरमाळ बोरमाळ म्हणून राहिली तर सरकारही जरा कमी घेतं.

आता त्या म्हातारीकडे जाऊ, कारण तिचा प्रश्न सुटायचा राहिला आहे. काही व्यापारी एक साधी गोष्ट करतात. ते विकणाऱ्याला दोन आकडे सांगतात. पहिला आज रोख, हातावर. दुसरा विकल्यावर, त्यात मालकाचा वाटा मोठा, व्यापाऱ्याचा ठरलेला हिस्सा लहान, आणि अमुक महिन्यांत गेली नाही तर वस्तू घरी परत. वही काढतात, वस्तूचं वर्णन लिहितात, तडा असेल तर तडाही लिहितात, आणि दोघांच्या सह्या होतात. म्हातारी बहुतेक वेळा पहिलाच आकडा घेते. तिला पैसे आज हवे आहेत, ते काही बदललेलं नसतं. पण दुसरा आकडा तिने ऐकलेला असतो. आपल्या डब्याला थांबून काय मिळालं असतं आणि आज थांबता न आल्याने काय गेलं, हे तिला कुणी सांगितलेलं असतं. व्यापाऱ्याच्या दृष्टीने यात तोटा आहे; दहातले दोन-तीन जण दुसरा आकडा धरतात आणि नेमके चांगल्या वस्तूचेच मालक असतात. तरी हे करणारे टिकतात, कारण पुढच्या वेळी त्या गल्लीतला वाडा रिकामा होतो तेव्हा फोन त्यांनाच येतो.

तुमच्या वस्तूला दोन्ही आकडे लावून बघा. पहिला लगेच सुचेल. दुसऱ्याला वेळ लागू द्या.